पाय लागला तर

मुलीच्या लग्नात मला नाचावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कडेगावात आम्ही बायका नाचलो तर वरातीत बँजोपुढं, तेही एकमेकींच्यात. पण पुण्याच्या व्याह्यांकडची रीत वेगळी. संगीताच्या कार्यक्रमात मुलीच्या आईनं मुलाच्या वडिलांबरोबर जोडीनं नाचायचं. हे ऐकल्याबरोबर माझा नवरा, मंडपवाल्याला फोन करायचाय म्हणून जो उठला तो जेवायलाच परत आला.

लेकीनं पंधरा दिवस मला स्वयंपाकघरात शिकवलं. नाच परवडला, पण त्यातले शिष्टाचार नकोत. समोरच्यानं हात पुढं केला की अंग चोरायचं नाही. खाली पायांकडं बघायचं नाही. चुकून पाय लागला तर थांबायचं नाही, नुसतं ‘सॉरी’ म्हणून नाचत राहायचं. इथंच माझं घोडं अडलं. आमच्याकडं कुणाला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. माणसाला, पुस्तकाला, केरसुणीलासुद्धा. लेकीचा पाय तुडवला की माझा हात आपसूक खाली जायचा.

एकदा ती चिडलीच. “आई, वाकू नकोस! मुलीकडचे म्हणून तुमी कुणापुढं वाकायचं न्हाई. तुमी नवरदेवाचे पाय धुवायचा विधी नको म्हणून मी लय भांडलीय सासरच्यांशी. आत्ता कुठं ऐकलंय त्यांनी.”

“न्हाई वाकणार गं,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

कार्यक्रम सांगलीच्या हॉलवर झाला. व्याही भला माणूस. “चालेल ना, विहीणबाई?” असं आधी विचारून त्यांनी हात पुढं केला. पहिलं कडवं निभावलं. समोर लेक खुशीत मान डोलवत होती. मलाही चेव आला, आणि गिरकी घेताना माझी टाच त्यांच्या अंगठ्यावर पडली.

“असू दे, असू दे,” ते म्हणाले. तोवर मी वाकले होते. त्यांच्या पायाला लावलेला हात कपाळापर्यंत गेल्यावर मला समजलं, आपण काय केलं ते.

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. “पाय लागला हो, म्हणून…” मी म्हणत होते, पण गाण्यात ऐकतंय कोण! व्याही बिचारे ओशाळले आणि त्यांनी मला खुर्चीपर्यंत आणून सोडलं. शेजारी मुलाची आत्या बसली होती. लेक धावत माझ्याकडं आली, पण आत्याबाई आधी बोलल्या.

“याला म्हणतात संस्कार! हल्लीच्या पोरी उगीच काहीतरी बोलतात. आईची एवढी हौस आहे, तर उद्या पाय धुवायचंही होऊन जाऊ दे. काय विहीणबाई?”

मी सांगणार होते, खरंच सांगणार होते. आजूबाजूचे दहा-बारा पाहुणे कौतुकानं माझ्याकडं बघत होते. लेकही बघत होती. इतकी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

“बरं,” मी म्हणाले.