शेळीच्या डोळ्यातलं पाणी

पेडगावात माझ्या दोन शेळ्या एका सकाळी अचानक मेल्या, तेव्हा परभणीहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाकीच्या शेळ्या वाचवायच्या तर मरणाचं कारण कळायला हवं होतं. बाई मेल्या शेळीपाशी मांडी घालून बसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि सुई डोळ्याजवळ नेली.

“डोळ्यातनं कशाला?” मी विचारलं.

“रक्त लवकर नासतं, काका. डोळ्यातलं पाणी टिकतं. जित्याला विचारता येतं, मेलेल्याला असंच विचारावं लागतं. डोकं धरता का?”

“धरतो की! आमी काय भितो?” भोवती गाव जमलेलं, म्हणून मी बाह्या सारल्या. सुई आत गेली आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी शेळीशेजारीच आडवा होतो आणि बाई माझी पापणी वर करून बघत होत्या.

“माझं पाणी काढू नका!” मी ओरडलो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पाणी पाजलं, मग हलक्या हातानं शेळीचा डोळा मिटवला.

तपासणीत चाऱ्यातलं विष निघालं. तो चारा बंद केला आणि बाकीच्या शेळ्या जगल्या. गावाला मात्र मी सांगून ठेवलंय, मला चक्कर आली नव्हती. लय दमलो होतो, म्हणून जरा डोळा लागला होता.