कुंभारीत न उगवलेलं फूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या एका वनस्पतीला माझ्यामुळे नाव मिळालं, ती कुंभारीजवळच्या माळावर सापडली असं मी लिहून ठेवलंय. ती तिथं सापडली नाही. ती सापडली मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावच्या गायरानात. लिहिताना चूक झाली नव्हती. मी समजून-उमजून खोटं लिहिलं.

मी सोलापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मला कमी बोलायची सवय आहे, आणि लोक त्याला सभ्यपणा समजतात. परिषदांना गेलो की घाटाकडचे लोक गमतीनं विचारायचे, "तुमच्याकडं उगवतं तरी काय हो? बाभळी आणि कुसळं?" मी हसायचो. पण ते आत कुठंतरी रुतून बसायचं. त्यांना दर पावसाळ्यात काही ना काही नवं मिळे. आम्हाला मिळे ऊन.

तो भाद्रपद होता. त्या गायरानात बिरोबाचं ठाणं आहे, चुना फासलेले चार धोंडे आणि एक निशाण. त्याच्या खालच्या उतारावर गवतात मी पालथा पडून भिंगातून एक फूल पाहत होतो. करंगळीएवढी नळी, बुडाशी फुगलेली, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला इवलासा कंदील. कंदीलपुष्पाच्या जाती मला पाठ होत्या. ही त्यांच्यातली कुठलीच नव्हती.

मागून आवाज आला, "जित्ता हाय का वो?"

मेंढरं घेऊन आलेली एक बाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती. मी उठून बसलो तशी म्हणाली, "मला वाटलं लांडग्यानं मानूस वडून आनलं. काय हुडकताय, अंगठी पडली का?"

तीच अक्का; गावात सगळे तिला अक्काच म्हणत. मी तिला फूल दाखवलं. असलं फूल जगात अजून कुणी नोंदलेलं नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती वाकून बघून म्हणाली, "एवढ्याशासाठी एवढं मोटं मानूस भुईवर लोळतंय!" आणि हसली. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "मेंढरांनी खाल्लं तर?"

"तेवढा तुकडा सोडून चारा," मी म्हणालो. "आणि हे कुणाला सांगू नका."

तिनं दोन्ही ऐकलं. पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा त्या उतारावरचं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं होतं. बाकीचं सगळं गायरान चरून सपाट.

आता खोट्याबद्दल. ज्या एका वाळवलेल्या रोपावरून नव्या जातीचं वर्णन लिहितात, त्याला आम्ही मूळ नमुना म्हणतो. त्याच्या कागदावर ठिकाण लिहावं लागतं, आणि ते ठिकाण त्या जातीला कायमचं चिकटतं. पण कंद उकरून नेणारे हौशी लोकही ते वाचतात. म्हणून दुर्मीळ कंदांच्या बाबतीत आमच्यात एक रीत आहे. तालुका लिहायचा, नेमकी जागा झाकायची. झाकायची म्हणजे मोघम ठेवायची, दुसरीच लिहायची नव्हे. मी दुसरी लिहिली. मनाला सांगितलं, फुलाच्या रक्षणासाठी.

खरं कारण माझा मित्र होता. आम्ही एकत्र शिकलो, एकाच मोटारसायकलवर हिंडलो, खोलीभर रद्दी पसरून तिच्यात रोपं दाबली. तो दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात लागला आणि दक्षिण सोलापूरचे, म्हणजे कुंभारी-मंद्रूपकडचे माळ पालथे घालू लागला. मला त्या वनस्पतीचं फूल मिळालं होतं, फळ मिळालं नव्हतं. 'फळ पाहण्यात आलेलं नाही' असं लिहूनच मी नियतकालिकाकडं शोधनिबंध पाठवणार होतो. फळ त्याला मिळालं असतं, तर पुढच्या प्रत्येक पुस्तकात माझ्या नावाशेजारी त्याचं नाव आलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी मी कुंभारीचे अक्षांश-रेखांश घातले.

तो लागोपाठ काही पावसाळे माझा निबंध घेऊन कुंभारीचा माळ तुडवत राहिला. मला तिथूनच फोन करायचा. "अरे, नेमकं कुठं रे? ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं?" मी म्हणायचो, "यंदा पाऊस कमी झालाय. पुढच्या वर्षी बघ." तो म्हणायचा, "तू नशीबवान लेका," आणि मनापासून म्हणायचा.

निबंध आला तेव्हा इथल्या वर्तमानपत्रात फुलाच्या फोटोसह बातमी छापून आली होती. तिचं कात्रण मी अक्काला नेऊन दिलं. ती फोटोवरून बोट फिरवत राहिली. "आमच्या गायरानाचं नाव आलंय व्हय पेपरात!" मी मान हलवली. तिला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती कॉलेजात आली. एसटीनं एकटीच. आमच्या विभागाच्या पायरीवर बसलेली पाहून शिपायानं विचारलं, "अक्का, पोरगा कुठल्या वर्गात हाय?" ती म्हणाली, "पोरगा न्हाय, सर पायजेल."

गावाजवळून रस्ता होणार होता आणि त्यासाठी गायरानातला मुरूम उचलायचं घाटत होतं. तिच्या आणि भावकीच्या मेंढरांना चरायला दुसरी जागा नव्हती. हरकत ऐकायला तहसिलीतले साहेब येणार होते.

"सर, आता सांगू का?"

"काय?"

"फुलाचं वो. तुमी म्हनला व्हता कुनाला सांगू नका. न्हाय सांगितलं. मालकाला बी न्हाय. पर आता सांगितल्याबगर गायरान ऱ्हात न्हाय."

मी म्हणालो, "सांगा. मीही येतो." त्या वेळी ते मनापासूनच म्हणालो होतो.

ग्रामपंचायतीसमोर लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. अक्का चांगलं लुगडं नेसून आली होती. हातात पत्र्याचा डबा, डब्यात मातीसकट त्या फुलाची वेल. तिनं डबा साहेबांपुढं ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून कात्रण काढून दिलं. "हे फूल सगळ्या जगात फकस्त आमच्या गायरानात हाय, सायेब. पेपरात आलंय. वाचा की."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. कुंभारीजवळच्या माळावर, असं आलं तेव्हा ते थांबले. कुणीतरी मागून ओरडलं, "अक्का, कुंभारी कुटं आन आपन कुटं! लगीन लावाय गेल्तीस का तिकडं?" सगळे हसले. ती हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

साहेब म्हणाले, "सर, तुम्ही इथं आहातच. तुम्हीच सांगा. हीच का ती?"

मी वाकून डब्यात पाहिलं. एक कंदील उमललेला होता. आणि त्याच्या खाली, देठाशी, दोन बारीक लांब शेंगा, शिंगांसारख्या. फळ. इतकी वर्षं मी ते पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

'इथंही आहे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, असं आता वाटतं. पण मग लोक तपासायला आले असते. मित्र तर पहिला आला असता. माझ्या निबंधात त्या उताराचा फोटो छापलाय आणि त्यात कोपऱ्यात बिरोबाचं निशाण दिसतं. तिथं उभं राहिलं की कुणालाही कळलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी म्हणालो, "दिसायला तशीच आहे. पण ही ती नाही. ही साधी, कुठंही उगवते."

अक्कानं डब्यातल्या वेलीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मग आमचंच चुकलं की." साहेबांना म्हणाली, मला नाही. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला माझं पटलं होतं.

"हे घिऊन जाता का सर?" तिनं डबा पुढं केला.

"राहू द्या," मी म्हणालो. डबा घेतला असता, तर साध्या वेलीचं सरांना काय काम, असं कुणीतरी विचारलं असतं.

तिनं डबा लिंबाच्या बुडाशी उपडा केला, थोपटून रिकामा केला आणि पदराखाली धरून निघाली. मी गाडीपाशी पोचून मागं वळलो तेव्हा एक शेळी तिथं तोंड घालत होती.

पुढं रस्ता झाला. बिरोबाचं ठाणं लोकांनी नीट उचलून रस्त्याच्या कडेला मांडलं. उतार होता तिथं खड्डा आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. मी दर भाद्रपदात आसपासचे माळ बघून येतो. ती वेल मला पुन्हा दिसलेली नाही. संग्रहात तिचं वाळलेलं रोप आहे आणि खाली माझ्या अक्षरात 'कुंभारी'.

मागच्या वर्षी एका आजारी नातेवाइकाला पाहायला कुंभारीला गेलो होतो. परतताना चहाच्या टपरीशी हाक आली, "सर! हिकडं कसं?" अक्का. मेंढरं विकली होती, नवरा गेला होता, मुलानं इथल्या कामगारांच्या वसाहतीत घर घेतलं होतं. ती वाळली होती. चहा तिनंच पाजला.

"तुमचं फूल बघाय आलाव व्हय?" तिनं विचारलं. "त्या सायबानं वाचलेलं ध्यानात हाय माज्या. म्हटलं, नशिबानं आमी फुलाच्याच गावाला आलाव, तर बघू तरी. सांजचं रोज जाते माळाला. लई हुडकलं, न्हाय घावलं. कुटल्या अंगाला हाय ते?"

मी हात वर केला आणि माळाकडं दाखवलं. "त्या बाजूला," म्हणालो.

"आस्सं," ती म्हणाली. "मी उलटीकडंच बघत हुती."

त्यानंतर मी कुंभारीला गेलो नाही. ती अजून जात असेल, संध्याकाळी, मी दाखवलेल्या बाजूला.

ठिकाणाची दुरुस्ती नियतकालिकाकडं पाठवायची आहे. मित्रालाही फोन करायचा आहे. ते पत्रानं, फोनवर होईल. अक्काचं तसं होणार नाही. तिच्यासमोर जाऊन मला सांगायचंय की त्या दिवशी तुमच्या डब्यात होतं ते तेच फूल होतं, तुमचं काही चुकलं नव्हतं. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.