नवव्या खोलीतली शिडी

टायपिस्टबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीत त्या त्याच नावानं ओळखल्या जात. नळखात्याच्या कचेरीत तीस वर्षं टंकलेखन केलं, पण कधी खाडाखोड केली नाही, असा त्यांचा लौकिक. सरळ, सालस बाई! या सालस बाईंनी एकतीस वर्षं नवऱ्याला भांडी घासायला लावली होती, आणि तीही निव्वळ लबाडीनं.

नवरोबा टीव्ही दुरुस्त करायचे. लग्न नवं असताना त्यांनी गिऱ्हाइकानं टाकून दिलेला एक घरगुती कॉम्प्युटर जिवंत करून आणला. बाईंनी सोबतचं पुस्तक वाचून त्यावर खेळ रचला: चोरानं नऊ खोल्या पार करायच्या. मग पैज ठरली. रविवारी जेवणानंतर दोघांनी एकेक डाव खेळायचा, हरेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची. पहिलाच आठवडा बाईंच्या गळ्यात पडला. पुढच्या रविवारच्या आत त्यांनी नवव्या खोलीच्या काळ्या भिंतीवर गडद करड्या रंगाची शिडी काढून ठेवली. मशीनला दाखवता यायचे आठच रंग. करडा मागितला की ते बिनदिक्कत काळा दाखवी. त्यामुळे शिडी होती, पण दिसत नव्हती.

“उडीची वेळ साधावी लागते हो,” बाई सांगत, उडीची कळ टणकन वाजवत आणि हळूच वरचा बाण दाबत. नवरोबा बिचारे एकतीस वर्षं वेळ साधत होते आणि त्या खोलीतल्या खड्ड्यात पडत होते. शिवाय त्यांनी घासलेल्या भांड्यांतलं एखादं ताट बाई उजेडात धरून परत देत. “ह्याला अजून तेल आहे.”

आता या माणसाच्या डोक्यात खूळ शिरलं. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी दुकान बंद केलं होतं, आणि रिकामपण त्यांना खायला उठलं होतं. माळ्यावर मुलीचा जुना व्हिडिओ गेम बंद पडून होता. त्यातली चित्राची चिप ही कॉम्प्युटरमधल्या चिपची थोरली बहीणच निघाली. हुकूम तेच पाळायची, रंग मात्र सोळा दाखवायची. ती काढून कॉम्प्युटरमध्ये बसवायची, असं त्यांनी ठरवलं.

“अगं, तुझा खेळ आता सोळा रंगांत बघ!”

“आठ आहेत ते काय कमी आहेत?” बाईंनी परोपरीनं मोडता घातला. बारीक काम बघायचं त्यांचं भिंग साखरेच्या डब्यात लपवलं, ते चहा करताना नवरोबांनाच सापडलं. “मुंग्यांनी नेलं असेल,” बाई म्हणाल्या.

अडीच महिने नवरोबा टेबलाला चिकटून होते. चिपचा एक पाय तुटला, तिथे केसाएवढी तार जोडली. दुकान बंद झाल्यापासून त्यांना असं शीळ घालताना बाईंनी ऐकलं नव्हतं.

रविवारी मशीन सुरू झालं. चोराचा सदरा केशरी दिसला, दारं तपकिरी दिसली. नववी खोली आली आणि भिंतीवर शिडी! पायऱ्या मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“भूत आलं,” नवरोबा म्हणाले.

टीव्हीवाल्यांच्या बोलीत पडद्यावर नको ती सावली उमटली की ते भूत. नवरोबांनी मशीन उघडलं, सोल्डरिंगचा एकेक टाका तपासला, पुन्हा लावलं. शिडी जागची हलेना.

“माझाच टाका कुठेतरी चुकलाय. हात गेले गं माझे. काढून टाकतो, जुनीच चिप बसवू.” त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

गप्प बसलं असतं तर बाई सुटल्या असत्या. जन्मभर सुटल्या असत्या. पण खिशात लपलेले ते हात त्यांना बघवेनात.

“अहो, भूत नाही ते. शिडी आहे. मी काढलीय.”

“कधी?”

“पैजेच्या पहिल्याच आठवड्यात.”

नवरोबांनी वरचा बाण दाबला. चोर सरसर चढून गेला आणि नववी खोली पार झाली. बाई जीव मुठीत धरून उभ्या.

“म्हणजे टाके बरोबर आहेत माझे?”

“सगळे.”

“एकूण एक?”

“एकूण एक हो!”

नवरोबा उठले, खुर्ची उचलली, मोरीशेजारी नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले. बाईंनी मुकाट्यानं पदर खोचला. पहिलं ताट घासून झालं, तसं नवरोबांनी ते मागून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“ह्याला अजून तेल आहे.”