लंडनचं बारसं आणि पळवलेलं वाय-फाय

शेजाऱ्यावर वाय-फाय पळवल्याचा आळ घेणारा आमच्या गुडगावच्या सोसायटीतला पहिला माणूस मी.

धाकट्या भावाच्या मुलीचं लंडनला बारसं होतं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं, म्हणून मंदाताई खास पुण्याहून आमच्याकडे आली. (तिच्या घरी इंटरनेट नव्हतं, माझ्याकडे नवाकोरा राउटर! शिवाय मी सॉफ्टवेअरवाला!) दुपारी चारला ताई पैठणी नेसून लॅपटॉपसमोर बसली. आणि लॅपटॉपला एकही नेटवर्क दिसेना!

राउटरचे दिवे तर लुकलुकत होते. मी तो तीनदा बंद करून चालू केला. अँटेना फिरवून पाहिला.

"वायर जोडून बघ ना," बायको, अनघा, म्हणाली.

"वायरलेस काय वायर जोडायला आणलंय?" मी गरजलो. "काल चालत होतं. आज गेलं कुठे?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या खुरानांचं हसू ऐकू आलं. माणूस उगाच हसतो का? कालच लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं होतं, "नया राउटर लिया?" यांना कसं कळलं? (खोका माझ्याच हातात होता. पण संशय आला की असलं काही आठवत नाही.)

"ओढत असेल तो," ताई कुजबुजली. "मोटर लावून पाणी ओढतात ना, तसं."

आणि यार, मला ते पटलं! आपल्या लहरी पलीकडे जाऊ नयेत म्हणून आम्ही भिंतीला स्टीलची ताटं टेकवली. पाचवं ताट घसरलं ते बाकीच्या चारांना घेऊनच!

बेल वाजली. दारात खुराना आणि त्यांची सत्तरीची आई, बीजी.

"सब ठीक है, भाईसाब?"

"आप हमारा वाय-फाय खींच रहे हैं!"

"मैं? खींच रहा हूँ?"

"बिल्कुल!" ताईनं पैठणीचा पदर खोचला. "वहाँ बच्ची बिना नाम की पडी है!"

खुराना लालबुंद झाले. बीजी मात्र शांतपणे आत आल्या. चष्मा लावला, लॅपटॉपची पुढची कड चाचपली आणि वाय-फायचं एक इवलंसं बटण सरकवलं. खट्! पडद्यावर अकरा नेटवर्क. सगळ्यांत वर आमचं!

"कनाडावाले पोते से रोज बात करती हूँ," बीजी म्हणाल्या. "मेरा भी ऐसे ही बंद हो जाता है." मग हळूच, "बेटा, आप कंप्यूटर का ही काम करते हो ना?"

(समारंभासाठी सकाळी लॅपटॉप कडेकडेनं घासून चकाचक कुणी पुसला होता? मीच.)

चार वीसला ताई माइकमध्ये "कुर्रर्र... ईरा!" म्हणाली. बाळानं जांभई दिली, बीजींनी डोळे पुसले. मी खुरानांची माफी मागितली. त्यांनी ती घुगऱ्यांच्या दुसऱ्या वाटीबरोबर मंजूर केली.

आता सोसायटीत कुणाचाही कंप्यूटर अडला की लोक आमच्याच मजल्यावर येतात. बेल बीजींच्या दाराची वाजवतात. त्या घरी नसल्या, तरच माझ्या दारी येतात... आणि विचारतात, "बीजी कब आएँगी?"