वळणावरची वीस पावलं

पडदा वर जातो. समोर लांबलचक रस्ता, एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला टपाल कचेरीच्या पायऱ्या, मधोमध चुन्याची ताजी रेघ. रेघेमागे चौदा बायका. त्यांतली सगळ्यांत ठेंगणी, कमरेला रुमाल खोचून नाकपुड्या फुगवणारी, ती आपली नायिका. सगळे तिला टपालताई म्हणतात. खरं नाव फक्त कचेरीच्या हजेरीपुस्तकाला ठाऊक.

अठ्ठावीस वर्षं ही बाई पत्रं वाटत चालते आहे. तेव्हा चालण्याच्या शर्यतीत ती उतरणार हे ओघानंच आलं. ही शर्यत मोठी खट्याळ. पळायचं नाही, फक्त चालायचं, तेही झपाझप. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. त्यामुळे बायका कंबर अशी काही हलवत जातात, की बघणाऱ्याला वाटावं यांच्या पोटात घड्याळाचा लंबक बसवलाय.

गेली नऊ वर्षं टपालताई दुसरी. पहिली कोण? सख्खी धाकटी जाऊ. एकाच घरात ताई खाली आणि जाऊ वरच्या मजल्यावर. शर्यत जिंकली की जाऊबाई वर्षभर वरूनच बोलणार. "ताई, दम लागला का हो? अधूनमधून जिना चढत जा, सराव राहतो!"

यंदा शाळेच्या हेडबाईंनी जाहीर केलं होतं की विजेतीचा फोटो शाळेत लागेल, खाली 'आमचा आदर्श' असं लिहून. ताईंनी गुपचूप केसांना कलप लावून फोटो काढूनही ठेवला होता. एकदा, फक्त एकदा, जावेच्या पुढे जायचं होतं.

शाळेतल्या पोरींनाही तेच हवं होतं. ताई पत्रं वाटायला निघाल्या की पाच जणी मागून तशाच कोपरं मारत, कंबर हलवत यायच्या. आधी चेष्टा म्हणून; मग चेष्टेची सवय झाली आणि सवयीचा सराव. ताईंनी थांबून नाक शिंकरलं की मागून पाच नाकं शिंकरली जायची.

शिट्टी झाली. शेवटच्या फेरीत जाऊ पंधरा पावलं पुढे होती. मागे वळून बघणं हा ती स्वतःचा अपमान समजत असे. लाकडाच्या वखारीपाशी वळण, तिथे पंच नव्हते. होतं ते एक कुत्रं, आणि ते ताईंवर धावून आलं.

अठ्ठावीस वर्षांची विद्या कामाला लागली. कुत्रं आलं की हलायचं नाही, टपालाची पिशवी पुढे धरायची! ताईंनी पिशवी पुढे धरली, पण पिशवी होती कचेरीत, खुंटीवर. कुत्र्यानं रिकाम्या हाताकडे पाहिलं, ताईंनीही पाहिलं, आणि मग त्या चक्क पळाल्या. वीस पावलं, दोन्ही पाय हवेत.

कुत्रं थांबलं तशा त्या पुन्हा चालू लागल्या. जाऊ आता हाताच्या अंतरावर होती. शेवटची रेघ ताईंनी तीन पावलांनी आधी ओलांडली.

काय टाळ्या पडल्या! पंच पदक घेऊन पुढे आले. ताईंनी मान वाकवली, आणि वाकवता वाकवता दिसल्या त्या पाच पोरी, वाकलेल्या मानेचीसुद्धा नक्कल करणाऱ्या. ताईंनी पदक पडायच्या आतच मान वर केली. या आपलं नाक शिंकरणं उचलतात. वीस पावलं उचलायला कितीसा वेळ लागणार?

"थांबा," त्या म्हणाल्या. "वखारीपाशी मी पळाले."

"मी पाहिलं नाही," पंच म्हणाले. "म्हणजे झालं नाही."

"अहो, कुत्र्यानं पाहिलंय!"

"ताई, फोटोची चौकटसुद्धा आणलीय हो," हेडबाई कानाशी कुजबुजल्या.

तेवढ्यात जाऊ उसळली. "मला नको असला उसना नंबर! उद्या घरभर सांगत सुटाल, मी दिला म्हणून."

"सांगणारच! का नाही सांगणार?"

पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं. पळणारा बाद.

"बाद म्हणजे? दुसरा नंबर तरी?" नऊ वर्षांच्या सवयीनं ताईंनी विचारलं.

"दुसरा नाही, चौदावाही नाही. तुमचं नावच यादीत नाही."

एवढं मात्र ताईंच्या हिशेबात नव्हतं. तोंड एवढंसं झालं. आयता दुसरा नंबर मिळालेली शिंपीणबाई येऊन गळ्यात पडली, तेव्हा तिला थोपटायचंही त्यांना सुचेना.

इतक्यात पाचांतल्या एकीचा हात वर. "हेडबाई, मागच्या महिन्यात लिंबू-चमच्यात मी लिंबाला अंगठा लावला होता."

"मीपण!" दुसरी म्हणाली.

"मी तर डिंक लावला होता."

हेडबाईंनी कपाळाला हात लावला. लिंबू-चमच्याचा सगळा निकाल बघता बघता नासला. ताई मात्र हळूहळू हसू लागल्या, आणि इतक्या हसल्या की रुमालानं डोळे पुसावे लागले.

पदक गळ्यात अडकवून जाऊ समोर आली. आज तिला वरून बोलणं काही जमेना. "चला ताई, घरी जाऊ," एवढंच म्हणाली.

ताईंनी रुमाल पुन्हा कमरेला खोचला.

"चल. पण पुढे पळू नकोस गं. घराची किल्ली माझ्याकडे आहे. पहिली पोचलीस तरी दारात उभी राहून माझीच वाट बघशील."