ओल्या दाताचा रंग

रोज सकाळी चहाचा कप विसळून झाला, की भिंगरी आपला फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची, दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, "वहिनी, एक रिंग दे."

वहिनी ओले हात पुसून आपल्या फोनवरून नंबर लावायची. खिडकीतला फोन वाजायचा. भिंगरी तो पुरता वाजू द्यायची आणि मगच बंद करायची.

"चालू आहे," ती म्हणायची.

"फोन चालूच असतो गं. समोरच्यांचं काय बिघडलंय ते बघ एकदा."

ही सवय लागली विमा कंपनीच्या मुलाखतीनंतर. चौकातल्या त्या काचेच्या इमारतीत टाय घातलेल्या एका माणसाने तिच्याशी हसून बोलून, तिचा कागद बाजूच्या छोट्या गठ्ठ्यात ठेवला होता. "तुमचं जवळजवळ झालंच आहे. आम्ही कळवू." जवळजवळ झालंच आहे, हे वाक्य तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आईने ते शेजारी सांगितलं. बाबांनी कुणालाच सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून संध्याकाळी चपला काढता काढता ते एकच शब्द विचारायचे, "काही?" आणि भिंगरी म्हणायची, "नाही."

भिंगरी हे नाव आत्याने ठेवलेलं. लहानपणी पोरगी एका जागी ठरायची नाही म्हणून. वनस्पतिशास्त्राची पदवी चांगल्या गुणांनी हातात आल्यावर ती आधी एका शाळेत बदलीवर शिकवायला गेली. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाई परत आल्या आणि हिने खडू खाली ठेवला. मग एका क्लासच्या काउंटरवर बसली, तर एक दिवस क्लासलाच कुलूप. मग फोनवरून पाण्याची यंत्रं विकली. तिथे आवाज बसला तो कितीतरी दिवस उठलाच नाही. तिन्ही ठिकाणांहून निघताना तिला कुणी वाईट म्हटलं नव्हतं, आणि थांब असंही कुणी म्हटलं नव्हतं. आत्या मात्र भेटली की गाल ओढून म्हणायची, "नाव कसं बरोब्बर ठेवलं होतं मी."

दातांच्या लॅबमध्ये ती गेली ते बाबांच्या दाढेमुळे. दाढ दुखत होती, डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, खालच्या मजल्यावर आमच्या कॅपा बनतात, तिथे फोन उचलायला आणि डब्यांवर नावं घालायला कुणीतरी हवंय. बाबा तोंडात कापूस घेऊनच घरी आले आणि हातवाऱ्यांनी सांगायला लागले. आई म्हणाली, "जा. विमावाल्यांचं होईपर्यंत बरं आहे."

होईपर्यंत. भिंगरी तोच शब्द मनाशी धरून गेली.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबलं, प्रत्येक टेबलावर वाकडा होणारा दिवा, कोपऱ्यात छोटी भट्टी. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ आणि फळ्यांवर माणसांचे जबडे मांडलेले. चेहरे नसलेले, पण प्रत्येकाचं काही ना काही वाकडं. कुणाचा एक दात पुढे, कुणाच्या दोघांत फट. लॅब चालवणाऱ्या मॅडमचा चष्मा कायम गळ्यातल्या दोरीला लटकलेला. भट्टी सांभाळणारे काका पहिल्याच दिवशी तिला 'बॉटनीबाई' म्हणाले आणि तेच नाव पडलं.

एका दुपारी काम अडलं होतं, तेव्हा मॅडमनी तिच्या हातात मेणाचा दात दिला. "कडा जरा साफ कर, बघू." कॉलेजात तिने ब्लेडने देठाचे असे काप काढले होते, की पाण्यावर टाकले तर फुंकरीने हलत. मेण त्यामानाने सरळ होतं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उतरवला, आणि फोन उचलायचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं.

"तीन महिने बघू," त्या म्हणाल्या. "मग कायमचं ठरवू."

भिंगरी शिकत गेली. सिरॅमिकची भुकटी पाण्यात कालवायची, ब्रशने थरावर थर द्यायचा, भट्टीत तो आकसतो म्हणून आधीच थोडा मोठा ठेवायचा. दात एका रंगाचा नसतो, मुळाशी पिवळसर, टोकाला निळसर असतो, हे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती रमायची. पण फोन टेबलावर पालथा नव्हे, उताणा ठेवायची, आणि तो नुसता उजळला तरी तिचा ब्रश थांबायचा.

अशाच एका थांबण्यात एका दाढेची कॅप उंच राहिली. वरून डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली. पेशंटला तोंडच मिटता येत नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चूक सगळ्यांची होते," त्या म्हणाल्या. "पण तू इथे पाहुण्यासारखी बसतेस. आणखी एक परत आली, तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

भिंगरीने मनात मोजलं. म्हणजे चौथ्यांदा. आत्याचा हात तिला गालावर जाणवला. आणि त्याहून वाईट म्हणजे, पहिल्यांदाच एखादं काम सुटेल याचं तिला काम म्हणून वाईट वाटत होतं.

त्यानंतर आला तो तोंडावर हात धरलेला मुलगा. तिच्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, समोरचा दात अर्धा तुटलेला. रंग जुळवायला डॉक्टरीणबाईंनी त्याला खाली धाडलं होतं. समोरचा एकच दात करणं सगळ्यात अवघड. शेजारचा जुळा भाऊ कायम साक्षीला उभा असतो.

"कसा तुटला?" तिने विचारलं.

"मुलाखतीची प्रॅक्टिस करताना," तो हाताआडून म्हणाला.

काकांनी मान वर केली. "मुलाखतीत आता मारतात की काय?"

"तसं नाही हो काका. आत यायचं, खुर्ची ओढायची, ऐटीत बसायचं. मी खुर्ची जरा जास्तच मागे ओढली. बसलो तेव्हा ती तिथे नव्हतीच. टेबलाची कड लागली."

काका हसले, तोही हसला, हात न काढता. भिंगरीने त्याला खिडकीपाशी बसवलं, ओठ ओढून धरणारी प्लास्टिकची कडी बसवली, पहिला फोटो काढला. आता दातांच्या नमुन्यांची पट्टी त्याच्या दाताशी धरायची, एवढंच.

"कुठे आहे मुलाखत?" तिने सहज विचारलं.

कडी तोंडात असताना त्याचे शब्द बोबडे येत होते, पण कळत होते. चौकातली विमा कंपनी. आधी एकदा मुलाखती झाल्या होत्या म्हणे, पण ते सगळं रद्द झालं. त्या यादीतल्या कुणालाच घेणार नाहीत. आता नव्याने बोलावतायत.

"रद्द कधी झालं?"

"बरेच महिने झाले. त्यांना कळवलं असेल की."

भिंगरी पट्टी हातात धरून उभी राहिली. खिडकीबाहेर कुणी तरी सायकल उभी करत होतं, ती पडली, त्याने पुन्हा उभी केली. तिच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघराची खिडकी आली, ओले हात पुसणारी वहिनी आली. रोज सकाळी तो फोन वाजला होता, आणि त्याच्या पलीकडे कुणी नव्हतंच. "काही?" विचारणारे बाबा आले तेव्हा तिने डोळे मिटले. मुलगा ओठ ताणून, आ वासून वाट बघत होता.

"झालं का?" तो म्हणाला.

ती भानावर आली. पट्टी दाताशी धरली, एक नमुना निवडला, आकडा टिपला, शेवटचा फोटो काढला. "झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप तयार झाली. आकार नेमका, कडा स्वच्छ, रंग टिपलेल्या आकड्याप्रमाणे. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई ती बसवणार होत्या, आणि तिथून मुलगा थेट मुलाखतीला. डबीत ठेवण्याआधी भिंगरी ती खिडकीशी घेऊन गेली आणि फोटो उघडून बघू लागली.

पहिल्या फोटोत शेजारचा दात पिवळसर होता. शेवटच्या फोटोत तोच दात पांढरा.

तिने दोन्ही फोटो पुन्हा शेजारी धरले. शिकवलेल्या गोष्टींतली अगदी पहिली गोष्ट होती ती. आधी रंग, मग कडी, मग फोटो. ओठ ओढून ठेवले की दात वाळतो, आणि वाळलेला दात फिकट दिसतो. कडी तिने आधी लावली होती, ती एक चूक. तिथवर ती निभावली असती. पण पुढे ती आपल्याच दुःखात उभी राहिली, तो बिचारा आ करून बसला, आणि तिने वाळलेल्या दाताचा रंग टिपला. तोंड मिटलं, थुंकीने दात ओला झाला, की बाकीचे दात पिवळे आणि मधला हा एक ट्यूबलाइटसारखा.

डबी तिच्या तळहातावर होती. बोलावं, तर ही दुसरी चूक. न बोलावं, तर कदाचित उद्या घाईत कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि मग एक विचार आला, त्याची तिला नंतर पुष्कळ दिवस लाज वाटत राहिली: त्या काचेच्या इमारतीत तो हा दात घेऊन उभा राहील, टायवाला माणूस त्याच्या डोळ्यांकडे बघायच्या ऐवजी तोंडाकडे बघेल. बघेना का.

मॅडम पाठमोऱ्या होत्या. भिंगरी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ही द्यायची नाही."

मॅडमनी वळून कॅप घेतली. "का? चांगली झालीय."

"दात वाळल्यावर मी रंग बघितला."

भट्टीशी काकांनी हातातला चिमटा हळूच खाली ठेवला. मॅडमनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा उतरवून पुन्हा पाहिले.

"एवढा वेळ काय करत होतीस?"

"विचार," भिंगरी म्हणाली.

मॅडमनी कॅप उजेडात फिरवून पाहिली. "गडद असती तर फेकावी लागली असती," शेवटी त्या म्हणाल्या. "फिकट आहे, वरून रंग चढवता येईल. उद्या त्याला क्लिनिक उघडायच्या आधी बोलाव. मी इथे असेन, पण हात लावणार नाही. बसली तर बसली. नाही बसली, तर काय ते तुला माहीत आहे."

फोनवर मुलगा गडबडला. "अहो, उद्या मुलाखत आहे माझी."

"म्हणूनच लवकर या."

"आणि नाही झालं तर?"

"होईल," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला कळेना की एवढ्या खात्रीने कोण बोललं.

सकाळी ती चहा न घेताच निघाली. मुलगा आधीच पायरीवर बसला होता, मांडीवर फाइल, तोंडावर हात. तिने त्याला खिडकीशी बसवलं. "बोलू नका. पाणी प्या. ओठांवरून जीभ फिरवा. आता नुसता ओठ वर करा." नजरेला दमू न देता तिने झटकन नमुना निवडला. मग कॅपवर रंग चढवताना हात आपोआप चालला. मुळाशी मधासारखा किंचित पिवळा, टोकाला जवळजवळ काहीच नाही, मध्ये केसासारखी एक करडी रेघ, कारण शेजारच्या दातालाही ती होती.

फोन वाजू लागला. पडद्यावर 'वहिनी'. आज न मागताच तिने रिंग दिली होती.

"तुमचा फोन," मुलगा म्हणाला.

"वाजू दे. तुम्ही ओठ वर ठेवा."

कॅप भट्टीत गेली. आता थांबण्याशिवाय काही नव्हतं. मॅडम खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या. काका उगाचच धुतलेली बशी पुन्हा धूत होते.

"तुम्ही कधी अशी मुलाखत दिलीत?" मुलाने विचारलं.

"तिथेच दिली होती. आधीच्या यादीत होते मी."

त्याचा हात पहिल्यांदाच तोंडावरून खाली आला. "मग परवा मी बोललो तेव्हा... राग आला असेल."

"आला ना. त्यातच तुमचा दात पांढरा झाला."

काका फस्सकन हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी हाताची घडी सोडली.

"आणि एक सांगू का," भिंगरी म्हणाली, "ते उभ्यानेच बोलायला लावतात. खुर्चीचं टेन्शन घेऊ नका."

भट्टीतून काढलेली कॅप निवल्यावर मुलगा ती घेऊन वर गेला. वरच्या दाराचा आवाज झाला, मग काहीच नाही. भिंगरीने टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टरीणबाई स्वतः त्याला घेऊन खाली आल्या होत्या. मॅडमनी त्याला खिडकीकडे वळवलं, चष्मा लावला, म्हणाल्या, "हस."

तो हसला. मॅडम एका दातावरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिल्या. "कुठला बसवलाय?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तू सांग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुलगा गेला. तो पुढे त्या इमारतीत लागला की नाही, ते भिंगरीला कधीच कळलं नाही. कॅप मात्र परत आली नाही.

संध्याकाळी मॅडमनी तिला हाक मारली. "तुझे तीन महिने संपले का गं?"

"गेल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काही सांगाल म्हणून थांबले होते."

"ही थांबायची सवय आधी सोड," मॅडम म्हणाल्या. "वरच्या खणात तुझी हत्यारं ठेव. रोज पिशवीतून कशाला आणतेस?"

घरी बाबा चपला काढत होते. "काही?" त्यांनी विचारलं. भिंगरीने विमा कंपनीचं सांगितलं, मग खणाचं. "खणाला कुलूप आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप विसळून झाला. वहिनी फोन हातात घेऊन तयारच उभी होती. "देऊ का रिंग?"

भिंगरी खांद्याला पिशवी लावत दारापर्यंत गेली, मग आठवण होऊन मागे वळली.

"राहू दे. डब्याचं झाकण तेवढं घट्ट लाव, काल सगळं पिशवीत सांडलं."