आप्पांचा फिका चहा

माझ्या बापाने तीस वर्षं साखर बनवली आणि म्हातारपणी ती सोडून दिली.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं.

शहाद्याकडच्या एका कारखान्यात ते पॅनमन होते. म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा पाडणारा माणूस.
काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचे, उजेडात धरायचे आणि सांगायचे, अजून थोडं. बस, तेवढंच लागायचं.

आमच्याकडे चहा म्हणजे पाकच.
सारंगखेड्याच्या आसपास पाहुण्याला कमी गोड चहा दिलात तर तो जन्मभर लक्षात ठेवतो. हसू नका, माझ्या आत्याच्या सासरी अजून बोलतात.

मग मायला शुगर निघाली. ती थेट डोळ्यांवर आली.
नंदुरबारच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पडद्यावर रक्त उतरतंय, शुगर ताब्यात आणा, नाहीतर दिसायचं बंद होईल.

आता मी शहाणी. खापरला शाळेत शिकवते, त्यामुळे घरात सगळ्यात जास्त अक्कल मलाच.
व्हॉट्सॲपवर आलेलं आप्पांना फॉरवर्ड केलं. पांढरी साखर विष, गूळ अमृत.

दुसऱ्या दिवशी घरात गुळाची ढेप.
गुळाचा चहा, गुळाची लापशी, वर सातपुड्यातला मध.
माय खूश. औषधच आहे म्हणत दुपारी येता-जाता खडा तोंडात टाकायची. आप्पा गावभर सांगत फिरले की आमची मंडळी गुळावरच बरी होणार.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आधीपेक्षा वाईट.

डॉक्टरांनी काय काय खाता विचारलं, आप्पांनी अभिमानाने सगळं सांगितलं.
डॉक्टर जरा चिडलेच. तुम्ही कारखान्यात होतात ना, म्हणे, मग गूळ कशाचा होतो ते आम्ही तुम्हाला सांगायचं का?

मी शेजारीच बसले होते. फॉरवर्ड माझा होता.

आप्पा म्हणाले, "मी चुकनू, डॉक्टर. रस तोच शे. मीच इसरनू."

माझं नाव घेतलं नाही. तेव्हा नाही, नंतरही कधी नाही.
बाहेर येऊन मी रडायला लागले तर म्हणाले, रडून शुगर उतरत असती तर आपण सगळेच बसलो असतो रडत. चल, घरी काम आहे.

काम म्हणजे काय, तर चहा.
दुसऱ्या दिवसापासून चूल आप्पांच्या ताब्यात. आमच्या खानदानात गडीमाणसाने चहा केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. भाऊबंद ओट्यावर बसून टिंगल करायचे. आप्पा त्यांनाही तोच चहा पाजायचे.

त्यांचं म्हणणं, पॅन एकदम थंड केला तर दाणा बिघडतो, जिभेचंही तसंच असतं. चार चमच्यांवरून एकदम शून्यावर आलात तर आठ दिवसांत माणूस चोरून खाईल.
म्हणून दर रविवारी साखर एक चिमूट कमी. मायला पत्ता नाही.
गूळ फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाच्या मांड्यांसोबत, तोही नखाएवढा. एरवी गोड खावंसं वाटलं तर शेतातल्या पपईची एकच फोड. गोळ्या वेळेवर. संध्याकाळी पाटापर्यंत चालणं, दोघांनी मिळून.

घरात दोन पातेली नव्हती. मायचा चहा तोच आप्पांचा.

सात-आठ महिन्यांनी माय आम्हा सगळ्यांसोबत आत्याकडे गेली. पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.
"वं बाई, यामा पाक टाका का?"
आम्ही पोट धरून हसलो. आप्पा मात्र मिशीला हात लावून बाहेर बघत बसले.

डोळ्यांना लेसर झालं, रिपोर्ट हळूहळू उतरले. मायची नजर राहिली.

आता कमेंटमध्ये उपाय विचारू नका. जादू काही नाही.
गूळ, मध, खजूर सगळं चांगलंच. साखरेपेक्षा मला तर कितीतरी जास्त आवडतं. पण चांगलं आहे म्हणून बचकभर खाल्लं तर शरीर त्याला साखरच समजतं.
आणि साखरेला घातलेल्या शिव्या आप्पांना चालायच्या नाहीत. मी बनवलेली आहे, म्हणायचे, नावं ठेवू नका. फक्त हात आखडा.

मागच्या वर्षी सकाळी अंगणात बसल्या-बसल्या गेले. हार्ट. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

आज माय लवकर उठली. मला चुलीजवळ येऊ दिलं नाही.
बघते तर पातेल्यात साखर टाकतेय. एक, दोन, तीन, चार.
मी घाबरून विचारलं, माय, हाई काय करी ऱ्हायनी?

तिने कप भरला, आप्पांच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. पदराने काच पुसली आणि त्यांनाच म्हणाली,

"तुम्हले तं शुगर नव्हती. नऊ वरीस मन्हा डोयासकरता फिका पिनात. आज गोड प्या."

त्यांना गोड किती आवडायचं, हे नऊ वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

आप्पा, मायला तुमचा फोटो स्पष्ट दिसतोय.
भरल्या मनाने नमस्कार.